चारशे यार्ड

ट्रॉसल कुटुंबाच्या शेतघराचा एक जुना फोटो आहे. गेटिसबर्गची लढाई संपून जेमतेम काही दिवस झाले असताना, जुलै १८६३ मध्ये, टिमथी ओसलिव्हनने तो काढला. घर, कुंपण आणि अंगणात घोडे. मेलेले घोडे. पोटं फुगलेली, पाय ताठ. उन्हाळा होता हे फोटोत कुठे लिहिलेलं नाही, पण त्या पोटांकडे पाहून ते कळतं, आणि थोडा वेळ पाहत राहिलं तर त्या करड्या कागदातून वास येऊ लागतो. लढाईनंतर माणसांना आधी पुरतात. घोड्यांची पाळी फार उशिरा येते.

हे घोडे नवव्या मॅसॅच्युसेट्स बॅटरीचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेलं हे स्वयंसेवकांचं तोफपथक. सहा तोफा, शंभराच्या थोडी वर माणसं, आणि तोफा ओढणारी ही जनावरं. मी या पथकाबद्दल जे मिळेल ते वाचत आले आहे. का, याचं उत्तर देवळालीत आहे.

माझं बालपण देवळाली कॅम्पात गेलं. वडील तोफखान्यात हवालदार. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. रेंजवर फायरिंग सुरू झालं की फळीवरची भांडी किणकिणायची, आणि आई भाजी चिरता चिरता, वर न बघता, हात लांबवून कडेचा तांब्या आत सरकवायची. अण्णांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून, हे आम्हा भावंडांना चालायला लागायच्या आधी कळलं असावं. पलटणीला निशाण असतं तसं तोफखान्याला नसतं, तोफ हेच तोफखान्याचं निशाण, हे मला त्यांनीच सांगितलं. तोफेवर बसायचं नाही. तोफेला पाय लावायचा नाही. आणि तोफ सोडून यायचं नाही. हे तिसरं ते वेगळ्या आवाजात सांगत.

म्हणून या पथकाची हकीगत पहिल्यांदा वाचताना मी अडखळले. नवव्या मॅसॅच्युसेट्सने त्या संध्याकाळी सहापैकी चार तोफा शत्रूच्या हाती सोडल्या होत्या. आणि तरीही त्यांच्या सेनेत, त्यांच्या राज्यात, नंतरच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात त्यांचं नाव मानाने घेतलं जातं. मला ते समजून घ्यायचं होतं.

१८६२ च्या जुलैत लिंकनने आणखी तीन लाख स्वयंसेवक मागितले. ऑगस्टमध्ये लिनफील्डच्या कॅम्प स्टँटनमध्ये या पथकाची भरती पुरी झाली. बोस्टन आणि भोवतालच्या गावांतली माणसं. यातल्या बहुतेकांनी तोफ कधी जवळून पाहिलेली नव्हती. सप्टेंबरात ते वॉशिंग्टनला पोचले आणि मग राजधानीच्या संरक्षणासाठी म्हणून तिथेच राहिले. लढायांच्या बातम्या येत होत्या, अँटिटम, फ्रेडरिक्सबर्ग, चॅन्सलर्सव्हिल. इतरांची पथकं मरत होती, आणि हे लोक चिखलात घोड्यांना खरारा करत होते. पहिल्या कप्तानाने राजीनामा दिला. १८६३ च्या फेब्रुवारीत जॉन बिगलो नावाचा नवा कप्तान आला. हार्वर्डमधून नुकताच बाहेर पडलेला, विशीतला, आदल्या वर्षी मॅल्व्हर्न हिलच्या लढाईत हाताला गोळी लागलेला. शिस्तीला इतका कडक की सुरुवातीला माणसं त्याच्यावर नाराज होती.

त्याने त्यांच्याकडून कवायत करून घेतली. तीच ती कवायत, रोज. एका तोफेभोवती माणसांना नावं नसतात, आकडे असतात. एक नंबरचा माणूस ओला बोळा घालून नळी पुसतो आणि गोळा गजाने आत ठोकतो. दोन नंबर गोळा तोंडाशी धरतो. तीन नंबर मागच्या छिद्रावर अंगठा दाबून उभा राहतो, कारण नळी पुसताना तिथून वारा आत गेला आणि आत एखादी ठिणगी शिल्लक असली तर पुढची दारू एक नंबरच्या हातातच पेटेल. चार नंबर दोरी ओढतो. पाच, सहा आणि सात पेटीपासून तोफेपर्यंत गोळे पोचवत राहतात. मोठ्या पंगतीत मुरलेले वाढपी जसे एकमेकांना न बघता, न धडकता फिरतात तसं हे चालतं. फक्त इथे एक जण पडला तर दुसऱ्याने त्याचा आकडा उचलायचा असतो. त्या तीन नंबरच्या अंगठ्यावर चामड्याची टोपी असे. तोफ तापली की ती टोपीही पुरत नसे, आणि तरी अंगठा उचलायचा नसे. पुढच्या माणसाचे दोन्ही हात त्या अंगठ्याच्या भरवशावर असत.

तोफा नेपोलियन जातीच्या, बारा पौंडी, कांस्याच्या. नुसती नळी बाराशे पौंडांच्या वर. एका तोफेला सहा घोडे, तिच्यामागच्या दारूगोळ्याच्या गाड्याला आणखी सहा. सहा घोड्यांवर तीन स्वार, प्रत्येक जोडीतल्या डाव्या घोड्यावर एक. लढाई चालू असताना गोलंदाजाला काम असतं, हात गुंतलेले असतात. या स्वारांना काम नसतं. मागे घोडे धरून, गोळ्या येतात तिकडे तोंड करून नुसतं उभं राहायचं. माझ्या मनात त्या उभं राहण्याबद्दल फार मोठा आदर आहे.

या पथकात एक बिगुलवाला होता, चार्ल्स वेलिंग्टन रीड. वय एकवीस. बिगुल वाजवणं हे त्याचं काम, पण हातात नेहमी पेन्सिल. आईला आणि बहिणीला लिहिलेल्या पत्रांच्या कडांवर, वहीत, जे हाती येईल त्या कागदावर तो काढत राहिला. त्याची ती पत्रं आणि चित्रं आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जपलेली आहेत. ती मी संगणकाच्या पडद्यावर मोठी करून करून पाहते. त्यात सेनापती आहेत, पण त्यांच्यावर त्याचा जीव नाही. त्याचा जीव आहे तो कॉफीच्या टमरेलाभोवती वाकलेल्या पाठींवर, पावसात तंबूच्या दोऱ्या ओढणाऱ्या माणसावर, पाण्यावर नेलेल्या आणि माघारी यायला तयार नसलेल्या घोड्यावर. पुढे १८८७ मध्ये दहाव्या मॅसॅच्युसेट्स बॅटरीतल्या जॉन बिलिंग्ज याने शिपायांच्या रोजच्या जगण्यावर ‘हार्डटॅक अँड कॉफी’ हे पुस्तक लिहिलं, त्यातली चित्रं रीडचीच. युद्धाच्या पुस्तकांत मला ते सर्वांत प्रिय आहे. शिपायाच्या आयुष्यातले बहुतेक दिवस कसे जातात ते त्यात आहे, आणि ते दिवस कुणीतरी इतक्या मायेने लिहून, काढून ठेवलेत. आमच्याकडे अण्णांच्या नोकरीचे असे किती दिवस हवेत विरून गेले. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

२ जुलै १८६३. पथकाची ही पहिलीच लढाई. जनरल सिकल्सने आपलं सैन्य हुकमाबाहेर पुढे नेऊन एका पीचच्या बागेपाशी उभं केलं होतं, आणि त्या पुढे आलेल्या कोपऱ्याला आधार म्हणून राखीव तोफखाना मागवला गेला. दुपारी उशिरा बिगलोच्या सहा तोफा बागेपासून गव्हाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ओळीने उभ्या राहिल्या. समोरून साउथ कॅरोलायनाचं पायदळ आलं. जी कवायत चिखलात करताना वैताग आला होता ती आता हातांनी आपोआप केली. जवळ आलेल्या माणसांवर कॅनिस्टर मारतात. सत्तावीस लोखंडी गोळ्या भरलेला पत्र्याचा डबा. तोफेच्या तोंडातून बाहेर पडताच तो फाटतो आणि गोळ्या पसरतात. त्यापुढचं मला लिहायचं नाही. समोर येणारीही कुणाची तरी पोरंच होती, हे वाचताना विसरता येत नाही.

मग पीचची बाग पडली. आजूबाजूचं पायदळ गेलं, शेजारची पथकं निघाली. ब्रिगेडचा प्रमुख मॅकगिल्व्हरी घोडा फेकत आला आणि त्याने बिगलोला मागे हटायला सांगितलं. पण घोडे जुंपून निघायचं तर तोफा थांबवाव्या लागणार, आणि तोफा थांबल्या की समोरचे धावत अंगावर येणार. तेव्हा त्यांनी दोर बांधले. तोफेचं शेपूट आणि पुढच्या गाड्याचा आकडा यांच्यामध्ये जाड दोर. तोफ डागली की धक्क्याने ती मागे सरकते. सरकली की ढिला पडलेला दोर घोडे ताणून घेतात. पुन्हा भरायची, पुन्हा डागायची, पुन्हा थोडं मागे. डावीकडे कॅनिस्टर, उजवीकडे बागेतून येणाऱ्यांवर गोळे. तोंड शत्रूकडे आणि चाल माघारी, असे ते चारशे यार्ड आले, ट्रॉसलच्या शेताच्या कोपऱ्यापर्यंत.

चारशे यार्ड म्हणजे सावकाश चाललं तरी पाच मिनिटं. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्याबरोबर एका उन्हाळ्यात गेटिसबर्गला गेले तेव्हा मी ते अंतर चालले. गवत कमरेइतकं होतं. जमीन सपाट वाटते, पण नाही. पायांना हलके चढउतार लागत राहतात, आणि प्रत्येक चढाआड माणूस लपू शकतो. ट्रॉसलचं विटांचं कोठार अजून उभं आहे. भिंतीत वरच्या बाजूला तोफगोळ्याने पाडलेलं भोक आहे, कोणी बुजवलेलं नाही. भाऊ फोटो काढत होता. मी दगडी कुंपणाच्या त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. दोन बाजूंनी कुंपण, बाहेर पडायला अरुंद वाट, समोर उंचवटा. घोडे जुंपून, गाडे वळवून सहा तोफा या जागेतून बाहेर काढायच्या म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावरच अंगाला कळलं.

ते निघणारच होते. तेवढ्यात मॅकगिल्व्हरी परत आला. मागे काहीच नाही, त्याने सांगितलं. पाऊण-एक मैल रुंदीची फट, पायदळाचा एक माणूस उभा नाही. मी मागे तोफांची नवी ओळ उभी करतो, तोवर काहीही झालं तरी इथे थांब.

बिगलोने पेट्यांतले गोळे काढून तोफांशेजारी जमिनीवर मांडायला सांगितले, म्हणजे भरायला वेळ लागणार नाही. जागा अपुरी म्हणून लेफ्टनंट मिल्टनच्या दोन तोफा त्याने बाहेर काढायला लावल्या. एक फाटकाच्या वाटेत उलटली आणि गोळ्या येत असताना माणसांनी ती सरळ केली. दुसरी सरळ कुंपणावरूनच नेली. मग उंचवट्यावर मिसिसिपीची एकविसावी रेजिमेंट दिसली. लेफ्टनंट एरिक्सन आधीच जखमी झाला होता आणि तरीही मागे गेला नव्हता. तो इथे मेला. लेफ्टनंट व्हिटेकरला लागलेल्या जखमेने पुढे त्याच महिन्यात त्याचा जीव घेतला. घोडे जुंपलेल्या जागीच एकापाठोपाठ एक पडले. शत्रूचे शिपाई दारूगोळ्याच्या गाड्यांवर चढून तिथून गोलंदाजांना टिपत होते, आणि गोलंदाज तोफा भरत होते. सुमारे अर्धा तास.

बिगलोला दोन गोळ्या लागल्या, तो घोड्यावरून पडला. मागची नवी ओळ तयार दिसताच त्याने उरलेल्यांना निघायला सांगितलं. चार तोफा राहिल्या. न्यायला घोडेच नव्हते. आणि रीड, ज्याच्याकडे बिगुलाखेरीज कामाचं काही नव्हतं, तो माघारी वळला. कप्तानाला एका घोड्यावर चढवलं, एका हाताने दोन्ही घोड्यांचे लगाम धरले, दुसऱ्या हाताने त्याला सावरलं आणि दोन सैन्यांमधल्या मोकळ्या रानातून निघाला. समोरून नव्या ओळीतली सहावी मेन बॅटरी आग ओकायला तयार, पाठीमागून मिसिसिपीवाले. घाई करा असा निरोप आला. जखमी माणसाला घोडा दौडवणं शक्य नव्हतं. बिगलोने कळवलं, तुम्ही डागा. मेनच्या तोफा डागल्या, आणि घोडे पायाखालची वाट चालत राहिले. रीडला या कामगिरीसाठी १८९५ मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं.

पथकाची २८ माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. पण प्लम रन ओढ्यामागची ओळ टिकली, आणि अंधार पडेपर्यंत सोडलेल्या चारही तोफा परत मिळाल्या.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं होतं, त्यांच्या शेवटच्या वर्षी, उजव्या बाजूला खुर्ची ओढून. चार तोफा सोडल्या, यावर त्यांचा चेहरा मला वाटला तसा बदलला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “हुकूम काय होता, पोरी?” मी म्हटलं, “मागची ओळ उभी राहीपर्यंत थांबायचा.” “राहिली?” “राहिली.” मग ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. घोड्यांचं त्यांना फार लागलं. घोड्यांना कोण सांगणार होतं, असं काहीसं ते पुटपुटले आणि चहा मागितला.

पीचची ती बाग आणि आपली माती यांच्यात अंतर मोठं आहे, तरी धागे आहेत. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो, आणि तेव्हा जगाला सोरा पुरवत होता तो बिहार. नोनिया समाजाची माणसं गावाभोवतालची खारी माती खरवडून, पाण्यात धुऊन, कढवून सोरा काढत. तो कलकत्त्यावरून लंडनला जाई. १८६१ च्या अखेरीस उत्तरेच्या सरकारसाठी द्यू पाँ घराण्यातला एक जण लंडनला गेला आणि त्याने तिथला सोरा मोठ्या प्रमाणावर विकत घेतला. नवव्या मॅसॅच्युसेट्सच्या गोळ्यांतली दारू नेमकी कुठून आली हे सांगता येणार नाही, पण उत्तरेच्या दारूत बिहारची माती होती. इकडे दक्षिणेचा कापूस अडकल्यामुळे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ओसरला. ती गोष्ट पुष्कळांनी लिहिली आहे.

मला त्याहून जवळचा वाटतो तो १८७३ चा पुण्यातला धागा. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. बिगलोची माणसं भरती झाली तेव्हा ती देश एक राखण्यासाठी भरती झाली होती. सगळ्यांच्याच मनात गुलामांचा प्रश्न होता असं मी म्हणणार नाही. १ जानेवारी १८६३ ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला तेव्हा ती वॉशिंग्टनजवळ कवायत करत होती. त्यांच्या नकळत त्यांच्या लढाईचा अर्थ वाढला. ट्रॉसलच्या कोपऱ्यात मेलेल्या एरिक्सनला पुण्याच्या गंज पेठेतल्या एका माणसाचं ऋण कधी कळलं नसतं. पण ते ऋण जोतीरावांनी मानलं आणि छापून ठेवलं. तिथे त्या कुंपणाशी उभी असताना मला ते आठवलं आणि त्या मातीला हात लावावासा वाटला. लावला.

गेटिसबर्गने पथकाची नोकरी संपली नाही, हे लोक विसरतात. नवे घोडे आले, नवी माणसं आली. १८६४ मध्ये वाइल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर. मग पीटर्सबर्गसमोरचे खंदक, महिन्यांमागून महिने. तिथे पराक्रमाला जागाच नव्हती. उन्हात भाजायचं, पावसात भिजायचं, समोरच्या मातीच्या ढिगावर गोळे टाकायचे. त्या वर्षाबद्दल सांगायला मोजकंच आहे, आणि मला वाटतं जास्त जड वर्ष तेच गेलं असेल. रीडला हाताच्या कसबामुळे नकाशे काढण्याच्या कामावर जनरल वॉरेनकडे नेलं. जून १८६५ मध्ये उरलेली माणसं मॅसॅच्युसेट्सला परतली आणि पथक मोडलं.

रणभूमीवर पथकाच्या आठवणीचे दगड तीन ठिकाणी आहेत: बागेजवळच्या रस्त्यावर, ट्रॉसलच्या शेतात आणि उत्तरेला झीगलर्स ग्रोव्हपाशी. म्हातारे झालेले शिपाई परत येऊन आपली जागा शोधत, कुठे कोण पडलं यावर वाद घालत. बिगलो त्यात सर्वांत चिवट. सत्तरीला आल्यावर, १९१० मध्ये, मिनियापोलिसमध्ये त्याने त्या दुपारवर ‘द पीच ऑर्चर्ड’ नावाचं छोटं पुस्तक छापलं. आठवणींचा पसारा त्यात नाही. अधिकृत अहवाल आहेत आणि नकाशे आहेत, ओळीमागून ओळ पुरावे आहेत, कारण इतिहासकारांनी त्या बागेच्या बाजूची हकीगत चुकीची लिहिली असं त्याचं म्हणणं होतं. सत्तेचाळीस वर्षांनंतरही त्याला लोकांकडून एकच गोष्ट मान्य करून घ्यायची होती: तोफा कुठे उभ्या होत्या, आणि त्या तिथे कुणाच्या हुकमाने थांबल्या होत्या.